गांधींची रेल्वे, कोकणची रेल्वे: एका टीकालेखाचं प्रकरण

कणकवली परिसरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिकांकाचं संपादन माझ्याकडे आहे. गेल्या अंकासाठी आलेल्या एका लेखावरून आमच्या अभ्यासवर्गात जवळजवळ सगळा पावसाळा वाद चालला. लेख गांधींच्या 'हिंद स्वराज'मधल्या रेल्वेविरोधावर होता. तो छापून आला, पण आला तसा नाही. आणि छापून आला तेव्हा पहिल्या खर्ड्यापेक्षा बराच कडक झाला होता. हे कसं घडलं ते सविस्तर लिहायला हवं असं मला वाटतं. एखाद्या विचारवंताच्या छापील मतांवर टीका आली की आपल्याकडे बहुधा दोनच निकाल लागतात. एक तर 'त्यांच्याबद्दल असलं काही छापायचं नाही', नाहीतर 'लेखकाचं मत आहे, छापून टाका'. दोन्ही निकालांत मूळ पुस्तक उघडायची गरज कुणालाच पडत नाही.

लेखिका कायद्याचं शिक्षण घेणारी मुलगी. वडील मुंबईला नोकरीत, आई आणि आजी गावी, म्हणजे आपल्याकडचं नेहमीचंच घर. लेखाचं नाव होतं 'गांधींचं ऐकलं असतं तर'. मांडणी सरळ होती. गांधींनी १९०९ साली रेल्वे, वकील, डॉक्टर या तिन्हींना देशाचे शत्रू ठरवलं. कोकणाला रोह्यापासून मंगळूरच्या बाजूपर्यंत सलग रेल्वे मिळायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं. तोवर कोकणी माणसानं बोटीत आणि एसटीत हाल सोसले. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. मग समारोप: 'गांधींना यंत्रांची भीती वाटत होती. स्वतः मात्र आयुष्यभर रेल्वेनं फिरले. याला ढोंग म्हणतात.'

अभ्यासवर्गात खर्डा वाचून झाला आणि आमचे गुरुजी उठून उभे राहिले. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. तरुणपणी ते गोपुरी आश्रमात जात-येत असत. अप्पासाहेब पटवर्धनांना 'कोकणचे गांधी' म्हणत, त्यांचं सफाईचं आणि गोबर गॅसचं काम गुरुजींनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते एवढंच म्हणाले, "हे छापलंत तर माझं नाव सल्लागारांतून काढा." कार्यकारिणीतल्या दोघातिघांनी लगेच मान डोलावली. एकाने मला बाजूला घेऊन सुचवलं की लेख 'जागेअभावी' मागे ठेवावा. ही सूचना मला सगळ्यात वाईट वाटली. त्या मुलीला तिचं कुठं चुकलं हे कळलंच नसतं, आणि गुरुजींनाही आपलं म्हणणं मांडावं लागलं नसतं.

मी निर्णय दिला तो असा. लेख नाकारायचा नाही, आहे तसा छापायचाही नाही. लेखिकेने 'हिंद स्वराज' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. पुस्तक लहान आहे, वीस प्रकरणांचं. मग गांधींचा रेल्वेबद्दलचा पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचं खंडन करायचं ते त्यांचं म्हणणं, एका पानात लिहावा. त्या पानाखाली 'होय, गांधींचं म्हणणं हेच आहे' अशी सही गुरुजींनी केली की पुढची टीका तिला हवी तितकी तिखट लिहायची मुभा. आपल्या शास्त्रचर्चेत ही रीत फार जुनी आहे. खंडन करायचं तर आधी समोरच्याचं मंडन त्याला पटेल असं करून दाखवायचं.

पहिलं पान गुरुजींनी परत केलं. समासात पेन्सिलीनं एकच शब्द होता: 'कुठे?' 'गांधींना यंत्रांची भीती वाटत होती' या वाक्यावर बाण काढलेला. मुलगी पुस्तक घेऊन बसली आणि रेल्वेच्या प्रकरणात तिला भीतीबिती काही सापडेना. सापडले ते निराळेच मुद्दे. रेल्वे नसती तर इंग्रजांना या देशावर एवढी पकड ठेवता आली नसती. रेल्वेनं प्लेग पसरला. रेल्वेमुळे धान्य जिथं भाव जास्त तिथं जातं, म्हणून दुष्काळ वाढले. तीर्थक्षेत्रं बिघडली. आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक मुद्दा: चांगल्या गोष्टी गोगलगायीच्या चालीनं चालतात, वाईटाला पंख असतात. ज्याला भलं करायचं आहे त्याला घाई नसते, म्हणून वेग हा मुख्यतः वाइटाच्या उपयोगी पडतो. हे पटो न पटो, हा युक्तिवाद आहे. त्याला भीती म्हणून उडवून लावलं की त्यातल्या एकाही मुद्द्याला हात लावावा लागत नाही.

संदर्भही तिनं शोधला. लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' बोटीवर, १३ ते २२ नोव्हेंबर १९०९ या दहा दिवसांत गांधींनी हे पुस्तक गुजरातीत लिहून काढलं. उजवा हात दुखू लागला की डाव्या हातानं लिहायचे. त्याच वर्षी जुलैत मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या होत्या. त्या मार्गानं स्वराज्य मिळवू पाहणाऱ्या तरुणांना दिलेलं हे उत्तर होतं. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली. म्हणजे 'मागासलेपणाचं पुस्तक' म्हणून आपण जे बाजूला सारतो, ते तेव्हाच्या सरकारला धोक्याचं वाटलं होतं. हे कळल्यावर तिच्या लेखाचा सूरच बदलला. गांधींबद्दल आदर वाढला म्हणून नव्हे. आपण ज्याला ठोसा मारत होतो तो माणूस तिथं उभाच नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या बैठकीत मात्र पारडं फिरलं. गुरुजींनी एका सुविचारसंग्रहातून उतारा वाचून दाखवला. त्याचा आशय असा की रेल्वेच्या तोट्यांपेक्षा एक फायदा मोठा आहे, तिच्यामुळेच देशात राष्ट्रीयत्वाची नवी भावना दिसू लागली. "बघा, गांधीजी रेल्वेच्या विरुद्ध नव्हतेच!" गुरुजी म्हणाले. मुलीनं आपली प्रत उघडून त्यांच्यापुढे ठेवली. 'हिंद स्वराज' हा संवाद आहे. एक वाचक विचारतो, संपादक उत्तर देतो, आणि गांधी संपादकाच्या तोंडून बोलतात. गुरुजींनी वाचलेलं वाक्य वाचकाचं होतं. त्यावर संपादक त्याला खोडून काढतो: आपण एक राष्ट्र होतो ते रेल्वेच्या आधीपासून. आपले पूर्वज पायी किंवा बैलगाडीनं देशभर हिंडत होते, रामेश्वर, जगन्नाथपुरी, हरद्वार ही तीर्थं त्यांनी उगाच देशाच्या वेगवेगळ्या टोकांना वसवली नव्हती. गुरुजींनी चष्मा काढला, पान पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे गो बाय. हे माझं चुकलं." त्या क्षणापासून वर्गाचा रंग पालटला. तोवर सगळ्यांची समजूत होती की प्रामाणिक वाचनाचा नियम टीकाकारासाठी आहे. भक्तालाही तो तितकाच लागू पडतो, हे तिथं उघड झालं. विचारवंताला सौम्य करून दाखवणं हाही त्याच्या लेखनावर अन्यायच.

पूर्वपक्षावर गुरुजींची सही झाली आणि खरी टीका सुरू झाली.

प्लेगचा मुद्दा तिनं आधी घेतला. १८९६ साली मुंबईत आलेली साथ हाँगकाँगकडून समुद्रमार्गानं आली असं मानलं जातं. म्हणजे बंदर होतं म्हणून प्लेग आला, आणि बंदराविरुद्ध गांधी काही म्हणत नाहीत. मात्र मुंबईतून साथ आतल्या प्रदेशात जायला रेल्वे कारण झाली, ही गोष्ट तेव्हाच्या सरकारलाही मान्य होती. म्हणून तर स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. तिनं दोन्ही बाजू लिहिल्या. दुष्काळाच्या मुद्द्यावर तिनं बर्जेस आणि डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा आधार घेतला. ब्रिटिश काळातल्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवलं की रेल्वे पोचल्यावर पाऊस हुकल्यानं होणारी जीवितहानी कमी झाली. पण १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९६ नंतरचे भीषण दुष्काळ ज्या पिढीनं पाहिले, तिच्यासमोर धान्याच्या वाघिणी बंदराकडे जात होत्या. त्या पिढीतल्या माणसाचा तो निष्कर्ष मूर्खपणाचा नव्हता, चुकीचा ठरला एवढंच. हे दोन्ही एका वाक्यात लिहिणं अवघड असतं, तिनं ते साधलं.

सगळ्यात जोरदार मुद्दा पुस्तकांतून आला नाही. बैठकीला आलेली तिची आजी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "रेल्वे नाय होती तेव्हा लोका खय ऱ्हवली गावात? बोटीन जायत, पण जायतच." मुलीनं हे वाक्य उचललं आणि त्यावर लेखाचा मधला भाग उभा केला. माझ्या मते गांधींच्या रेल्वेविरोधावर कोकणातून घेता येईल असा हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे. गांधींचा युक्तिवाद असं गृहीत धरतो की वेगवान वाहन नसलं तर गाव आपल्या पायांवर उभं राहतं, माणूस आपल्या मर्यादेत राहतो. कोकण म्हणजे याची आयतीच कसोटी. 'हिंद स्वराज' लिहिल्यानंतर जवळपास नव्वद वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बहुतेक भागात रेल्वेचा रूळ नव्हता. गाव टिकलं का? नाही. गिरणगावातल्या खोल्या आमच्याच माणसांनी भरल्या, घरं मनीऑर्डरीवर चालली, शेतं बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी ओढली. माणसं गेली ती डोंगरउताराच्या शेतात वर्षाचं पोट भरत नव्हतं म्हणून, आणि जे पिकायचं त्यातला वाटा खोताच्या घरी जायचा म्हणून. गाव मोडायला रूळ लागले नाहीत. उलट रेल्वे आल्यावर चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, आईच्या दुखण्याला एका रात्रीत गावी पोचू लागला. इथं वेग कामाला आला तो नातं टिकवायला. गांधींचा 'भल्याला घाई नसते' हा सिद्धांत आजारी आईच्या मुलाला लागू पडत नाही.

हा मुद्दा खोडायला गुरुजींना फार वेळ लागला आणि शेवटी तो खोडला गेला नाही. पण त्यांनी एक प्रतिटोला दिला, आणि तो लेखात यावाच असा आग्रह मी धरला. धान्य महाग बाजाराकडे पळतं, हे गांधींचं वाक्य त्यांनी मासळीला लावून दाखवलं. मालवणच्या किनाऱ्यावर चांगली सुरमई उतरली की ती बर्फात बसून बाहेरगावची वाट धरते, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला परवडते ती बांगडा-तारली, तीही मिळाली तर. आंब्याच्या पहिल्या पेट्या वाशीला. कोकण रेल्वेनं १९९९ पासून भरलेले ट्रकच्या ट्रक गाडीवर चढवून न्यायला सुरुवात केली, म्हणजे माल आणखी सहज हलू लागला. बागायतदाराला पैसे मिळतात हे खरंच. पण वाहतूक जितकी सोपी तितका गावातला उत्तम माल गावाबाहेर जातो, ही गांधींची नोंद किनाऱ्यावरची कुठलीही बाई रोजच्या बाजारावरून पटवून देईल. मुलीनं हे मान्य केलं. मान्य केल्यानं तिचा लेख ढिला पडला नाही, विश्वासार्ह झाला.

तिसरा आवाज बौद्धवाडीतल्या एका तरुण कार्यकर्त्याचा. तो बराच काळ गप्प होता. मग म्हणाला, "तुमचं दोघांचं भांडण गाव टिकलं की मोडलं याच्यावर आहे. आमच्या आज्यानं गाव सोडलं ते गावापासून सुटायला." यानंतर लेखात बाबासाहेब आले. यंत्र आणि आधुनिक संस्कृती माणसाला कष्टातून मोकळा वेळ देतात, तो वेळ नाकारणारं तत्त्वज्ञान वरच्यांच्या सोयीचं आहे, अशी टीका आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या ग्रंथात केली आहे. रेल्वेच्या डब्यात शेजारी कोण बसला हे विचारता येत नाही, याचं मोल 'हिंद स्वराज'मध्ये धरलेलंच नाही. पण त्या तरुणानं आणखी एक गोष्ट पुढे ठेवली आणि ती मला त्याहून मोलाची वाटते. आंबेडकरांचं 'जातिप्रथेचे विध्वंसन' (Annihilation of Caste) पहिल्यांदा छापलं गेल्यावर गांधींनी 'हरिजन'मध्ये १९३६ साली त्यावर टीका लिहिली. आंबेडकरांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींचे ते लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि मग त्यांना उत्तर दिलं. कोकणातल्याच आंबडव्याच्या सकपाळ घराण्यातला हा माणूस, ज्यानं त्याच १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात आणलं, तो प्रतिपक्षाशी वादात तसूभरही मऊ नव्हता. तरी प्रतिपक्षाचे शब्द त्यानं आपल्या वाचकापासून लपवले नाहीत.

दुसरं उदाहरणही आमच्याच मुलखातलं निघालं. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांना गांधी आपले राजकीय गुरू म्हणत. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी 'हिंद स्वराज' पाहिलं तेव्हा ते इतकं कच्चं आणि घाईत लिहिलेलं वाटलं की भारतात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते नष्ट करतील, असं भाकीत त्यांनी केलं. हे सांगितलं कुणी? गांधींचे सचिव महादेव देसाई यांनी, त्याच पुस्तकाच्या १९३८ च्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात. गुरुजींनी हे वाचल्यावर 'छापलंत तर माझं नाव काढा' हा हट्ट सोडला.

'ढोंग' या शब्दावर मात्र शेवटपर्यंत तडजोड होईना. माझं म्हणणं होतं, माणूस रेल्वेनं फिरला म्हणून त्याचा रेल्वेबद्दलचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. शिवाय गांधींनी हे लपवलेलं नव्हतं. १९१७ साली त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या हालांवर लिहिलं. जानेवारी १९२१ मध्ये 'यंग इंडिया'त स्पष्ट केलं की आपण रेल्वे नि दवाखाने मोडायला निघालेलो नाही. ती आपसूक गेली तर आनंदच होईल, पण देश अजून त्यासाठी तयार नाही. पुस्तकातला एकच शब्द मागे घेतो, बाकी काही नाही, हेही तिथंच. ज्यानं स्वतःची विसंगती आधीच सांगून टाकली त्याला ढोंगी म्हणणं ही ढिली टीका. मुलगी म्हणाली, "सर, शब्द काढते, मुद्दा नाही काढणार." आणि तिनं लिहिलं ते मूळ वाक्यापेक्षा किती तरी बोचरं होतं: ज्या सिद्धांताच्या कर्त्याला लाखो लोकांपर्यंत आपला सिद्धांत पोचवायलाच रेल्वे लागली, भल्यालाही वेग लागतो याचा पुरावा त्यानं स्वतःच्या आयुष्यानंच दिला. यावर गुरुजी काही बोलले नाहीत.

उत्तरकाळाचा प्रश्न राहिला. ५ ऑक्टोबर १९४५ ला नेहरूंना लिहिलेल्या पत्रात गांधी 'हिंद स्वराज'मधल्या व्यवस्थेवर आपण ठाम आहोत म्हणतात, आणि त्याच पत्रात त्या व्यवस्थेत कदाचित रेल्वेही असेल, पोस्ट आणि तारही असेल, असंही लिहितात. नेहरूंनी चार दिवसांनी उत्तर देऊन ते चित्र आपल्याला अगदी अवास्तव वाटलं होतं असं कळवलं. गुरुजींच्या मते या पत्रानं सगळी टीका निकालात निघते. मुलीच्या मते त्या एका 'कदाचित'वर १९०९ चा सिद्धांत सोडला असं म्हणता येत नाही, पण टीकाकारानं ते दाखवलं नाही तर तो लपवाछपवीचा धनी होईल. मी तिच्या बाजूचा आहे. माणसाच्या छापील मतावर टीका करताना त्याच्या नंतरच्या शब्दांना जागा द्यायची. त्या शब्दांना वजन किती हे मात्र टीकाकारानं ठरवायचं.

लेख सोळा पानी झाला. पहिल्या पानावर गुरुजींच्या सहीचा पूर्वपक्ष, शेवटच्या पानावर त्यांचं दोन परिच्छेदांचं उत्तर, ज्यात मासळीचा मुद्दा त्यांनी पुन्हा घासून मांडला. 'गांधींचं ऐकलं असतं तर' हे नाव बदलून 'गांधींचा रेल्वेविरोध: कोकणातून एक आक्षेप' असं झालं. हे नाव तिनंच सुचवलं, कारण पहिल्या नावात उत्तर आधीच ठरलेलं होतं. गांधींना मानणाऱ्या समाजवाद्यांपैकी नाथ पै आणि मधु दंडवते यांनीच कोकण रेल्वेचा आग्रह संसदेत धरला, ही गोष्ट तिनं तळटीप म्हणून न टाकता मजकुरात घेतली, आणि ते योग्यच केलं. अनुयायी गुरूच्या कुठल्या वाक्याला मुरड घालतात यावरून त्या विचारातलं काय टिकलं ते कळतं.

पुढच्या अंकासाठी एकानं सावरकरांच्या रत्नागिरीतल्या काळातल्या लेखांवर, विशेषतः गाय ही उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, या त्यांच्या मांडणीवर टीकालेख देऊ केला आहे. खर्डा अजून आलेला नाही, तोवरच 'असलं छापू नका' म्हणणारे दोन फोन आले, आणि 'नुसतं झोडपा' म्हणणारा एक. लेखकाला मी तीच अट घातली आहे. त्याच्या पूर्वपक्षावर सही कोण करणार, यासाठी सावरकर मनापासून वाचलेला आणि त्या लेखकाशी अजिबात न पटणारा माणूस सध्या शोधतो आहे.